दुकानाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हांचं : लेटरहेड, बिलबुक, कार्ड, शिक्का एकसारखे कसे करायचे?

दगडफूल
मंडळी नमस्कार. हा लेख नाही, अडचण आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

साताऱ्यात बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटारीची तार नव्याने गुंडाळायचं) आणि पंपदुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक म्हणजे शेतकरी, सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक पंप घेऊन येणारे. दुसरं म्हणजे एमआयडीसीतल्या दोनतीन कंपन्या. दुकान १९९४ चं. नाव इथं देत नाही, 'अबक' धरून चाला. गेल्या वर्षापासून हिशेब मी बघते.

मागच्या महिन्यात एका कंपनीच्या अकाउंट्समधून आमचं बिल परत आलं. रकमेवरून नाही. कोटेशन गेलं होतं 'अबक इलेक्ट्रिकल्स'च्या लेटरहेडवर. बिलावर छापलंय 'अबक इलेक्ट्रिकल वर्क्स'. त्यावर मारलेला शिक्का 'अबक इलेक्ट्रिक वर्क्स'चा. आणि सोबत जोडलेल्या कॅन्सल्ड चेकवर बाबांचं नुसतं नाव. तिथला माणूस फोनवर अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, यातली तुमची फर्म नक्की कुठली?" मला पटकन उत्तर देता येईना.

घरी येऊन सगळे कागद डायनिंग टेबलावर मांडले. लेटरहेड निळं, मागे मोटारीचं फिकट चित्र. बिलबुक लाल शाईतलं, त्यावर ०२१६२ चा लँडलाइन नंबर, जो बंद होऊन सात वर्षं झाली. व्हिजिटिंग कार्ड चुलतभावाने हौसेने केलेलं, काळंकुट्ट, वर सोनेरी अक्षरं. बाबांच्या हाताला कायम ग्रीस असतं, त्यामुळे प्रत्येक कार्डावर अंगठा उमटतो. मोटारीला बांधायचे टॅग म्हणजे जुन्या कॅलेंडरचा कापलेला पुठ्ठा. पाकिटं कोरी.

बाबांचं म्हणणं, तीस वर्षं काही अडलं नाही. ओळखीच्या एका डिझायनरला विचारलं तर त्याने सहा लोगो पाठवले आणि म्हणाला, आधी यातला एक पसंत करा, मग बाकीचं. सहाही छान आहेत. पण माझं बिल लोगो नव्हता म्हणून परत आलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

बार्शीलाईट
पहिला!
ताई, आमच्या घरात आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं आणि लग्नपत्रिकेत चौथं. तुमचं दुकान अगदी सुसंस्कृत मराठी कुटुंब आहे, काळजी नसावी.

कोरीपाटी
इतका विचार कशाला? कॅनव्हा या डिझाइनच्या वेबसाइटवर जा, एखादा स्टेशनरी सेट उचला, रंग बदला, नाव टाका. लेटरहेड, कार्ड, पाकीट, सगळं मॅचिंग मिळतं. अर्ध्या तासाचं काम. मी माझ्या क्लाससाठी हेच केलं.

छापखान्यातला
दगडफूलताई, आमचा छापखाना आहे. आजोबांची ट्रेडल होती, वडिलांनी मिनी ऑफसेट घेतलं, माझ्याकडे आता डिजिटल आणि स्क्रीन प्रिंटिंग. त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलतो.

लोगो शेवटी. डिझायनरचा राग नाही, पण ते लोक नेहमी सगळ्यात श्रीमंत कागदापासून सुरू करतात, म्हणजे व्हिजिटिंग कार्डापासून. तीनशे जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचं) आर्टकार्ड, वर मॅट लॅमिनेशन, चार कलर. त्यावर काहीही चांगलं दिसतं. तुम्ही उलटं करा, सगळ्यात गरीब कागदापासून या. तुमच्याकडे तो मोटारीचा टॅग आहे. मग रबरी शिक्का. मग एका रंगातलं बिलबुक. उद्या काउंटरवर थर्मल प्रिंटर आला तर तो रोल, त्याला तर काळ्याशिवाय रंगच माहीत नाही. जे शिक्क्यात आणि टॅगवर टिकतं ते कार्डावर टिकणारच. उलटं होत नाही. शिक्क्यात बारीक रेघा शाईने भरतात, सोनेरी छटा थर्मलवर काळा डाग होते. त्या सहा लोगोंची एकदा झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा, आणि मग बघा किती उरतात.

आता मापं. लेटरहेड ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर. घडी घालून त्याचे तीन सारखे भाग केले की ९९ मिलिमीटरची पट्टी होते. पाकीट या घडीवरून ठरवा. बाजारात नऊ बाय चार इंचाचं मिळतं, त्यात एक कागद जातो, पण चार कागद आणि चेक घातला की फाटायला येतं. साडेनऊ बाय सव्वाचार घ्या. बिलबुक ए-फाइव्ह करा, म्हणजे ए-फोरचं बरोबर अर्धं. लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, त्यामुळे लेटरहेडचा माथा जसाच्या तसा लहान होऊन बसतो. पण इथे एक गोची आहे. अर्धा कागद म्हणजे अक्षरं अर्धी होत नाहीत, साधारण सत्तर टक्के होतात. लेटरहेडवर दहा पॉइंटचा फोन नंबर बिलबुकात सात पॉइंटचा होतो, आणि तिसऱ्या पिवळ्या कॉपीवर तो कुणालाच वाचता येत नाही. माथा लहान करा, पत्ता आणि नंबर वेगळे मोठे करून बसवा.

डावीकडे एक इंच मोकळा सोडा. प्रत्येक कागदावर. आपल्याकडे प्रत्येक कागद पंच होऊन फायलीला लागतो. पंचिंग मशीनची भोकं कडेपासून बारा मिलिमीटरवर पडतात. मी स्वतः एकदा माती खाल्ली आहे. एका गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर डाव्या कडेला उभा छापला, फार मॉडर्न दिसतो म्हणून. पहिलंच बिल परत आलं, भोक थेट नंबराच्या सुरुवातीच्या सत्तावीसमधल्या सातातून गेलेलं. दोन हजार पानं मी पदरच्या कागदावर पुन्हा छापून दिली.

लेटरहेडमागचं ते मोटारीचं चित्र काढून टाका. झेरॉक्समध्ये आणि मोबाइलने काढलेल्या स्कॅनमध्ये ते मजकुरावर चढतं. कागद बॉन्ड, म्हणजे साधा बिनचकाकीचा, घ्या, नव्वद ते शंभर जीएसएम. गुळगुळीत आर्ट पेपरवर लेटरहेड कधीच नको, शिक्क्याची शाई वाळत नाही, बॉलपेन घसरतं. तेच कार्डाचं. मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी केलं की त्यावर कुणी काही लिहू शकत नाही. तुमच्या धंद्यात बाबा कार्डामागे 'पाच एचपी, गुरुवारी या' असं लिहून देत असणार. एक बाजू कोरी, बिनलॅमिनेशनची ठेवा.

रंगाबद्दल उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

दगडफूल
अहो दादा, "पाच एचपी, गुरुवारी या" हे तुम्हाला कसं कळलं! बाबा अगदी असंच लिहितात. त्या काळ्या कार्डावर लिहिता येत नाही म्हणून ते ती कार्डं ड्रॉवरमध्ये ठेवून कागदाच्या चिठोऱ्या देतात. मला वाटायचं कार्ड जपून वापरतायत.

डेबिटकाका
माझा पेशा सीएचा, त्यामुळे मी सौंदर्यावर बोलणार नाही. बार्शीलाईट यांनी गंमत केली, पण मुद्दा तोच आहे. प्रत्येक फर्मला नावाचा एक सातबारा हवा. एका पानावर सगळं लिहून काढा आणि यापुढे कुठलाही कागद छापताना त्या पानावरून नक्कल करा, आठवणीतून लिहू नका.

तुमचं दुकान प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या मालकाचं, आहे असं दिसतं. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर दोन नावं असतात. लीगल नेम, म्हणजे वडिलांचं, पॅनप्रमाणे. आणि ट्रेड नेम, म्हणजे दुकानाचं. ते ट्रेड नेम काय आहे ते काढून बघा, अक्षरन् अक्षर, 'वर्क्स' की 'वर्क', शेवटचा 'स' आहे की नाही. बिल, कोटेशन, चलन, शिक्का सगळ्यांवर तेच. मग बँकेत जा. बचत खात्यावर धंदा चालू असेल तर दुकानाच्या नावाचं करंट खातं उघडा. कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला दोष देऊ नका. तो व्हेंडर फॉर्ममधलं नाव, बिलावरचं नाव आणि चेकवरचं नाव टिकमार्क करून जुळवतो, तेच त्याचं काम.

बिलाचं म्हणाल तर जीएसटी नियम ४६ मध्ये काय काय हवं ते दिलंय. तुमचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, बिल क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे तपशील, मालाचा एचएसएन किंवा सेवेचा एसएसी कोड, कराचा दर, रक्कम, सही वगैरे. बिल क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. त्या वर्षात क्रमांक पुन्हा येता कामा नये. मालाच्या बिलाच्या तीन प्रती, सेवेच्या बिलाच्या दोन, आणि कुठली प्रत कुणाची हे तिच्यावर छापलेलं असावं. तुम्ही नुसतं रिवाइंडिंग करून देता तेव्हा सेवा, पंप विकता तेव्हा माल. मी म्हणेन तीन प्रतींचंच बुक करा, डोक्याला ताप नको.

दुकानाच्या पाटीवरही जीएसटी नंबर लागतो, नियम १८. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर तो क्रमांकही बिलावर छापा. सक्ती म्हणून नाही, फायदा म्हणून. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं एमएसएमई कायद्याचं कलम १५ सांगतं. बिलावर तो क्रमांक दिसला की कंपनीला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही.

कुणी प्रायव्हेट लिमिटेडवाले वाचत असतील तर त्यांचं वेगळं आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १२. लेटरहेड, बिल, नोटीस, सगळ्या कागदांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, एकवीस अक्षरी सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, आणि असेल तर ईमेल व वेबसाइट. चूक झाली तर रोज हजार रुपये दंड, कमाल एक लाख. 'डिझाइन क्लीन दिसावं म्हणून सीआयएन काढलं' असं सांगणारे अशील माझ्याकडे येऊन गेलेत.

राईनकाठ
काकांनी शेवटी लिहिलंय तसंच इथे जर्मनीत. जीएमबीएच, म्हणजे इथली प्रायव्हेट लिमिटेड, असेल तर पत्रावर कंपनीचा प्रकार, गाव, नोंदणी कोर्ट, नोंदणी क्रमांक आणि संचालकांची नावं द्यावीच लागतात. म्हणून इथली सगळी लेटरहेडं खालून जड असतात, वर फक्त नाव आणि तळाला तीनचार रकान्यांत बारीक मजकूर.
अवांतर: ए-फोर ही इथलीच देणगी, १९२२ चं मानक. लेटरहेडच्या डाव्या कडेला दोन बारीक रेघा छापतात, घडी कुठे घालायची ते कळावं म्हणून. तुमच्या पाकिटाला ९९ आणि १९८ मिलिमीटरवर छापा. बाबांना पाकिटात कागद कोंबावा लागणार नाही.

बार्शीलाईट
घडी घालायला रेघ! जर्मन ते जर्मनच. आमच्याकडे नखाने दाबली की झाली घडी.

कोरीपाटी
एक शंका. आता लेटरहेड छापतं कोण? कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफने जातं. बिल सॉफ्टवेअरमधून निघतं. तुम्ही सगळे १९८५ सालात आहात.

छापखान्यातला
कोरीपाटी, निम्मं मान्य. माझ्या पोटावर पाय येतो तरी सांगतो, लेटरहेड हजार छापू नका. शंभर-दोनशे डिजिटलवर काढून घ्या, टेंडर, बँक आणि सरकारी ऑफिसांपुरती. बाकी पीडीएफ. पण त्यासाठी दोन फाइली ठेवा. एक माथा असलेली, व्हॉट्सअ‍ॅपसाठी. दुसरी वरचे साडेचार सेंटिमीटर कोरे सोडलेली, छापील लेटरहेडवर प्रिंट काढायला. एकच फाइल ठेवली की कधीतरी छापील माथ्यावर परत माथा छापला जातो, आणि तोच कागद नेमका बँकेत जातो.
तुमचं ते कॅनव्हाचं टेम्पलेट मीही बघितलंय. त्यात बिलबुक नाही, चलन नाही, शिक्का नाही, टॅग नाही. जे रोज लागतं तेवढंच सोडून सगळं आहे.

हां, रंग. तुमच्या बाबांना निळा आवडत असेल तर निळाच ठेवा, पण शाईच्या टक्क्यांचे आकडे ठरवून ठेवा. सायन (आकाशी) शंभर, मॅजेंटा (गुलाबी) सत्तर. दोन्ही शंभर केले की छापून आल्यावर जांभळा. स्क्रीनवर कितीही निळा दिसो, फसू नका. आणि तोच निळा चकचकीत आर्टकार्डावर उजळ दिसतो, बॉन्डवर मलूल, कारण बॉन्ड शाई पितो. त्यात हजार कार्डं स्वस्तात छापून मिळतात ती गँगमध्ये, म्हणजे एका मोठ्या शीटवर तुमच्याबरोबर आणखी वीस जणांची कार्डं. शेजारच्या कार्डाला लाल जास्त हवा असेल तर मशिनवाला तुमच्या निळ्यासाठी थांबत नाही. म्हणून आज छापलेला निळा आणि सहा महिन्यांनी छापलेला निळा सख्खे भाऊ वाटतात, जुळे नाही. हे आधीच मान्य केलं की त्रास कमी. पत्ता, नंबर, बारीक मजकूर मात्र नुसत्या काळ्यात ठेवा. चार रंगांतून बनवलेला काळा किंचित सरकला की अक्षराला रंगीत झालर येते.

अक्षरवेडी
उशिरा आले, पण ज्यासाठी आले ते अजून कुणी बोललंच नाही. मराठी!

दगडफूल, कागद मराठीत करणार की इंग्रजीत? निम्मी गिऱ्हाइकं शेतकरी आहेत म्हणता.

दगडफूल
तोच घोळ. लेटरहेड पूर्ण इंग्रजी. बिलबुक मराठी, आणि त्यात पत्त्यातल्या 'चौकाच्या कोपऱ्यावर'चं 'कोपर्यावर' झालंय. दुकानाची पाटी मराठी आहे, ९४ साली पेंटरने रंगवलेली. तिच्यावर मात्र 'कोपऱ्यावर' बरोबर आहे.

अक्षरवेडी
पेंटरच्या हातून ती चूक होतच नाही, तो तोंडाने म्हणून लिहितो. चूक होते ती डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवताना. पूर्वी सगळं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत व्हायचं. तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगमध्ये, आणला की 'ऱ्या'चा रफार होतो. हिंदीला या अर्ध्या 'र'ची गरज नाही, म्हणून बाहेरच्या डिझायनरला ती चूक दिसतही नाही. आपल्याकडे दऱ्या आणि दर्या यात सह्याद्री आणि अरबी समुद्राइतकं अंतर आहे. प्रूफ तपासताना साताऱ्यात, कोपऱ्यावर, दुसऱ्या, गिऱ्हाईक असे शब्द आधी शोधायचे.

दुसरं, ल आणि श. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे आहेत. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही ते दिलेत. चांगल्या युनिकोड फॉन्टांत ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडली तरच उमटतात, नाहीतर हिंदी वळणं येतात. लेटरहेडवर एक 'श' आणि बिलावर दुसरा, असं झालं की बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

फॉन्ट असा घ्या की ज्यात देवनागरी आणि रोमन एकाच हातची असतील. 'मुक्त' नावाचा आहे, 'पॉपिन्स' नावाचा आहे, दोन्ही फुकट मिळतात. माझं मत मुक्तला. बारीक आकारात वाचता येतो आणि जोडाक्षरं गुदमरत नाहीत. पॉपिन्स गोलगोल आणि रुंद, मोठ्या नावाला बरा, तुमच्या लांबलचक पत्त्याला नाही. डिझायनरला एक सांगून ठेवा, मराठीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतात. इंग्रजीच्या हिशेबाने दोन ओळींतलं अंतर ठेवलं तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात जाऊन अडकते.

आणि रुपयाचं चिन्ह तपासा. ते २०१० मध्ये आलं. सुरुवातीला एक फॉन्ट फार फिरला होता, त्यात रुपयाचं चिन्ह कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्या उलट्या तिरक्या टिंबाच्या (`) जागी बसवलं होतं. त्या काळातल्या फाइली आजही चालू आहेत. फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडलं की रकमेआधी नुसतं तिरकं टिंब. कित्येक दुकानांच्या बिलांवर अजून ते दिसतं.

आता मुख्य. त्या पाटीचा फोटो टाकता का?

दगडफूल
टाकला. उन्हाने पिवळा रंग उडालाय, समजून घ्या. खालच्या कोपऱ्यात पेंटरची सहीसुद्धा आहे. आज पहिल्यांदा नीट पाहिली.

अक्षरवेडी
अगं, हाच तुझा लोगो! ते 'क' बघ, पोटातली गाठ कशी मोटारीच्या वेटोळ्यासारखी फिरवलीय. मुद्दाम केलंय की ब्रश तसा वळला, देव जाणे. कमल शेडगे नाटकांची नावं अशी लिहायचे की जाहिरातीतल्या अक्षरावरून नाटकाचा बाज कळायचा. तेवढं मोठं नाव घ्यायची गरज नाही, पण हा पेंटर त्याच रस्त्यावरचा आहे. डिझायनरला सांग, या अक्षराचं ट्रेसिंग कर, कडा साफ कर, बाकी हात लावू नको. सहा लोगो परत पाठव.

डेबिटकाका
फोटो मोठा करून पाहिला. पाटीवर 'इलेक्ट्रिकल वर्क्स' आहे. जीएसटी प्रमाणपत्र काय म्हणतं?

दगडफूल
काका, प्रमाणपत्रावर इंग्रजीत तेच. 'इलेक्ट्रिकल वर्क्स', शेवटी 'स' सकट. म्हणजे पाटी आणि बिलबुक बरोबर, लेटरहेड आणि शिक्का चूक. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मी तर पहिल्यापासून हेच नाव सांगतोय, छापणाऱ्यांनी काय छापलं ते मी बघत बसलो नाही."

छापखान्यातला
😀 छापणाऱ्यांच्या वतीने माफी. पण मंडळी, पाटीचं अक्षर शिक्क्यात बसेल का हे आधी बघा. त्या 'क'ची गाठ बारा मिलिमीटरच्या शिक्क्यात भरून काळी होईल. शिक्क्यासाठी गाठ थोडी उघडी केलेली वेगळी आवृत्ती करून घ्या. एकाच अक्षराचे दोन अवतार, मोठ्याला एक, लहानाला एक. आणि डिझायनरकडून फाइल घेताना अक्षरं कर्व्ह, म्हणजे फॉन्ट न लागणारी चित्रं, करून घ्या. जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी उघडलं की वेलांट्या सुटून पळतात.

बार्शीलाईट
पाटी मराठी आहे हे बरंच झालं. दुकान कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नावाची पाटी मराठीत हवीच, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. बाबा अठ्ठावीस वर्षं आधीच कायदा पाळून बसलेत.

दगडफूल
धागा वर काढतेय, पाच आठवड्यांनी. कुणी वाट बघत असेल तर.

झालं असं. आधी काकांचा 'सातबारा' केला, ए-फोरचं एक पान. मराठी नाव, इंग्रजी नाव, पत्ता दोन्ही भाषांत, जीएसटी, उद्यम, बँक, दोन मोबाइल. लँडलाइनला निरोप. ते पान दुकानात काचेखाली लावलंय. त्यातच तीन चुका निघाल्या, पिनकोडचा एक आकडा गेली किती वर्षं चुकीचा होता कोण जाणे.

करंट खातं उघडलं. कंपनीचं बिल सगळ्या कागदांवर एकाच नावाने गेलं आणि पैसे आले.

डिझायनर आधी नाराज झाला. पाटी ट्रेस करायला लागल्यावर मात्र रमला. रविवारी शिडी घेऊन स्वतः आला आणि पाटीवर कागद लावून अक्षरं उतरवून घेतली. बाबा शिडी धरून उभे. बिलाच्या वर '॥ श्री ॥' हवंच, यावर बाबा अडून बसले. तो म्हणाला सेटमध्ये बसत नाही. शेवटी ठरलं की बिलबुकावर असेल, लेटरहेडवर नसेल. एकसारखेपणात एवढी फट राहिली, राहू दे.

पहिली छपाई शिक्क्याची केली, दादांच्या सांगण्याप्रमाणे. गाठ भरली. दुसऱ्यांदा करून घेतला. मग बिलबुक, तीन प्रती, पांढरी, गुलाबी, पिवळी. पिवळ्या प्रतीवर फोन नंबर वाचता येतो. टॅग जाड क्राफ्टचे, गोल भोक आणि सुतळी. नाव, एचपी, तारीख आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल एवढ्याच चार ओळी, कारण ओल्या हाताने यापेक्षा जास्त कुणी लिहीत नाही. पाकिटं शंभर. लेटरहेड दीडशे, घडीच्या रेघांसकट. राईनकाठ, बाबा त्या रेघेवर घडी घालतात आणि दरवेळी मला दाखवतात.

एक प्रश्न उरलाय. जुनी बिलबुकं अकरा शिल्लक आहेत. फेकायची?

डेबिटकाका
नाव बरोबर आहे ना? मग बंद लँडलाइनवर काट मारा, पिनकोड दुरुस्त करा, नव्या मोबाइलचा छोटा शिक्का मारा आणि ३१ मार्चपर्यंत वापरा. नवं बुक १ एप्रिलपासून, नव्या क्रमांकाने. मध्येच बुक बदललं तर क्रमांकाची साखळी तुटू देऊ नका. आणि बाबा एका बुकातून आणि तुम्ही दुसऱ्यातून एकाच वेळी फाडत नाही ना, ते बघा.

दगडफूल
फाडत होतो. 🙈 आजपासून बंद.

कोरीपाटी
आणि ती काळी-सोनेरी कार्डं?

दगडफूल
सातशे उरली होती. बाबांनी त्यांना भोक पाडून सुतळी ओवली आणि वाळायला ठेवलेल्या मोटारींना बांधून टाकली. वर पांढऱ्या मार्करने नंबर. चुलतभाऊ काल दुकानात आला होता, त्याने बघितलं.

छापखान्यातला
भोक कुठल्या बाजूला पाडलं?

दगडफूल
डावीकडेच. सोनेरी नावातलं पहिलं अक्षर गेलं, 'बक इलेक्ट्रिकल्स' उरलंय. पाचवं नाव.